चित्र जुळले, हुकूम जुळेनात

सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वसलेले विश्रामबाग हा शाळा-महाविद्यालयांचा परिसर आहे. १९१९ साली सुरू झालेले विलिंग्डन महाविद्यालय इथलेच आणि १९४७ साली सुरू झालेले, पुढे वालचंद या नावाने ओळखले जाऊ लागलेले अभियांत्रिकी महाविद्यालयही इथलेच. या परिसरातील एका सभागृहात आम्ही काही शिक्षक विज्ञान दिनाच्या कार्यक्रमाची तयारी करीत होतो, तेव्हा घडलेल्या एका प्रसंगातून हा लेख सुचला.

कार्यक्रम दोन ठिकाणी व्हायचा होता. मोठ्या सभागृहात व्याख्यान आणि शेजारच्या लहान दालनात प्रयोग. दोन्हीकडे कॅमेरे होते, दोन्हीकडे पडदे होते. व्याख्यात्यांनी प्रयोगाचा उल्लेख केला की दोन्ही पडद्यांवर प्रयोगाचे चित्र यावे आणि प्रयोग संपला की पुन्हा व्याख्याते दिसावेत, एवढीच आमची अपेक्षा. मोठ्या सभागृहात एका कंपनीचा, काही वर्षांपूर्वी घेतलेला व्हिजन मिक्सर होता. लहान दालनात मिक्सरचे काम एक संगणक करीत होता. दोन्ही यंत्रे एकाच नेटवर्कच्या तारेला जोडलेली होती. तरीही एका ठिकाणी बटण दाबले की दुसऱ्या ठिकाणी काहीच होत नसे. शेवटी दोन्हीकडे एकेक माणूस बसवून, मोबाईलवर ‘आता बदला’ असे एकमेकांना सांगायचे ठरले.

यंत्रे पुरवणाऱ्या गृहस्थांचा सल्ला सरळ होता : जुना मिक्सर काढून टाका, सगळे एकाच कंपनीचे घ्या. मिक्सर तर उत्तम चालत होता! तो मोडीत काढायचा, तो केवळ दुसऱ्याचे ऐकत नाही म्हणून? एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, दोघांचं चित्र एकमेकांना चालतं, मग दोघांचा हुकूम एकमेकांना का चालत नाही?”

प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर तंत्रात जेवढे आहे त्याहून अधिक इतिहासात आहे. तो इतिहास आपण या लेखात पाहू.

मिक्सर नेमके काय करतो?

अनेक कॅमेऱ्यांपैकी कोणाचे चित्र प्रेक्षकांना दाखवायचे ते ठरवणारे यंत्र म्हणजे व्हिजन मिक्सर. अमेरिकेत त्यालाच स्विचर म्हणतात. त्यावर बटणांच्या दोन ओळी असतात. एका ओळीत जे बटण दाबलेले असेल त्याचे चित्र बाहेर जाते. दुसऱ्या ओळीत पुढे दाखवायचे चित्र निवडून ठेवायचे. मग ‘कट’ दाबले की दोन्हींची झटकन अदलाबदल होते किंवा दांडी सरकवून एक चित्र विरघळत दुसरे उमटवता येते. ज्या कॅमेऱ्याचे चित्र बाहेर जात असेल त्याच्यावरचा लाल दिवा लागतो. या दिव्याला ‘टॅली’ म्हणतात.

वर्णन सोपे वाटते, पण ‘झटकन’ या शब्दातच सगळी अडचण आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या जुन्या पद्धतीत दूरचित्रवाणीचे चित्र ६२५ आडव्या रेषांचे असे आणि सेकंदाला २५ चित्रे जात. एक पूर्ण चित्र दोन हप्त्यांत काढले जाई; आधी विषम रेषा, मग सम. एक रेषा काढायला ६४ मायक्रोसेकंद लागत. हप्ता संपला की किरण तळापासून पुन्हा माथ्याकडे जाई आणि त्यासाठी सुमारे २५ रेषांचा वेळ, म्हणजे १.६ मिलिसेकंद, मोकळा ठेवलेला असे. चित्र बदलायचे ते या फटीत. मध्येच बदलले तर पडद्यावर वरचा अर्धा भाग एका कॅमेऱ्याचा आणि खालचा दुसऱ्याचा, असा उसळता ठिगळपट दिसेल.

आता, सगळ्या कॅमेऱ्यांची ही फट एकाच क्षणी आली पाहिजे हे उघड आहे. म्हणून स्टुडिओत एक मुख्य घड्याळ असे आणि त्याच्या ठेक्यावर सगळे कॅमेरे चालत. रंगीत चित्र आल्यावर तर हिशेब आणखी काटेकोर झाला. पाल पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवर स्वार होऊन येते. तिचे एक आवर्तन सुमारे २२५ नॅनोसेकंदांचे. केबलमधून संकेत नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटिमीटर जातो. म्हणजे एका कॅमेऱ्याची केबल दुसऱ्यापेक्षा १० मीटर लांब असेल, तर त्याचा संकेत ५० नॅनोसेकंद उशिरा पोहोचेल. हा फरक पाव आवर्तनाच्या जवळ जातो आणि दोन चित्रे मिसळताना रंग बिघडायला पुरेसा असतो. म्हणून अभियंते केबलच्या लांब्या मोजून जुळवीत.

चित्राचा करार

एवढी काटेकोर जुळवणी असूनही एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरला बिनतक्रार जोडता येत असे. याचे कारण म्हणजे चित्राचा करार आधीच झालेला होता. रेषा किती, सेकंदाला चित्रे किती, संकेताची उंची एक व्होल्ट, केबलचा विरोध ७५ ओहम हे सारे छापील मानकांत लिहिलेले होते. प्रसारण करणाऱ्याला हा करार टाळताच येत नव्हता, कारण शेवटी ते चित्र लाखो घरांतल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या संचांवर दिसायचे होते.

आपल्या राज्यात २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९७४ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणाचा विभाग आला. १९८२ साली देशात रंगीत प्रसारण सुरू झाले. १९८४ साली शालेय कार्यक्रमांसाठी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. २०१७ साली बंद होईपर्यंत तिने मराठी मुलांसाठी कार्यक्रम केले. त्याच १९८४ च्या १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला आणि पुणे विद्यापीठातही त्यासाठी निर्मिती केंद्र आले. वर्गात संच लावून हे कार्यक्रम मुलांना दाखवल्याचे आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल. तो संच कोणत्या कंपनीचा आहे याचा विचार आपण कधी केला नाही. कराराचे यश असेच असते. तो पाळला जात असला की त्याची आठवणही होत नाही.

करार नसला की काय होते, हे पाहायला विश्रामबागेतून फार लांब जावे लागत नाही. मिरज जंक्शनवर कित्येक वर्षे तीन रुंदीचे रूळ एकत्र येत असत. पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा झाला. दक्षिणेकडे लोंढ्याला जाणारा मीटरगेज, म्हणजे १००० मिलिमीटरचा राहिला. आणि कुर्डुवाडीकडून येणारा बार्शी लाईटचा नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचा होता. प्रत्येक गाडी आपापल्या रुळांवर व्यवस्थित धावे. पण एका मार्गाचा माल दुसऱ्या मार्गावर न्यायचा तर पोती उतरवायची आणि दुसऱ्या डब्यांत भरायची. यात दोष गाड्यांचा नव्हता. रूळ टाकणाऱ्यांनी एक माप ठरवले नव्हते, आणि त्याची किंमत हमालाच्या पाठीने व व्यापाऱ्याच्या वेळेने मोजली.

चित्राच्या बाबतीत सगळे जग निदान एका प्रदेशापुरते एका मापाच्या रुळांवर आले. हुकुमाच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही.

हुकुमाचा प्रश्न उभा राहिला कसा?

सुरुवातीला हुकुमाचा प्रश्नच नव्हता. मिक्सरची बटणे आणि त्यांच्या आतली विद्युतमंडले एकाच पेटीत किंवा एकाच तारांच्या जुडग्यात असत. दिग्दर्शक तोंडाने सांगे, मिक्सरवर बसलेला माणूस बोटाने दाबी.

१९५६ साली ॲम्पेक्स कंपनीने चित्रफितीवर ध्वनिमुद्रणासारखे चित्रमुद्रण करणारे यंत्र बाजारात आणले आणि परिस्थिती बदलली. कार्यक्रम आधी मुद्रित करून मग जोडता येऊ लागला. जोडणी करताना दोन यंत्रांवरच्या फिती एकाच वेळी चालवायच्या, ठरल्या क्षणी मिक्सरने एकावरून दुसऱ्यावर जायचे आणि तिसऱ्या यंत्राने ते मुद्रित करायचे. हे माणसाच्या बोटांनी अचूक साधणे कठीण. १९७१ साली सीबीएस आणि मेमोरेक्स या अमेरिकन कंपन्यांच्या सीएमएक्स या संयुक्त उद्योगाने संगणकाच्या आधारे चालणारी संपादनाची यंत्रणा तयार केली. आता हुकूम देणारा संगणक एका कंपनीचा, फितीची यंत्रे दुसऱ्या कंपनीची आणि मिक्सर तिसरीचा, अशी स्थिती आली.

संगणकाने मिक्सरला ‘कट’ कसे सांगायचे? सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन तारा. त्या एकमेकींना टेकल्या की मिक्सरने एक ठरलेली कृती करायची. घरच्या घंटेसारखेच हे. अशी जोडणी आजही वापरात आहे, कारण ती कुठल्याही कंपनीला कळते. पण दोन तारांत एकच गोष्ट सांगता येते. ‘चौथा कॅमेरा निवड, दीड सेकंदात विरघळव’ एवढे सांगायचे तर शब्द हवेत. शब्द आले की भाषा आली. आणि भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी होती. त्यामुळे संपादनाची यंत्रणा विकणाऱ्याला प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी वेगळी जोडपेटी तयार करावी लागे. मिरजेच्या फलाटावरची हमाली इथे या पेट्या करीत होत्या.

नऊ पिनांची भाषा

या त्रासातून सुटण्यासाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि एसएमपीटीई ही अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांची संस्था एकत्र आल्या. त्यांनी तारा, जोडणीचा आकार आणि वेग ठरवले : नऊ पिनांची जोडणी, आरएस-४२२ ही विद्युत पद्धत, सेकंदाला ३८,४०० बिट. या तारांवरून बोलायची एक सविस्तर सामाईक भाषाही त्यांनी तयार केली.

पुढे मजेदार गोष्ट घडली. तारा आणि जोडणी सर्वांनी स्वीकारली, पण भाषा समितीची रुजली नाही. रुजली ती सोनी कंपनीची. सोनीची फितीची यंत्रे स्टुडिओंतून एवढी पसरली होती की इतर कंपन्यांनी आपली यंत्रे सोनीच्या भाषेला ओ देतील अशी बनवली. ही भाषा इतकी सुटसुटीत होती की तिचा एक नमुना नववी-दहावीच्या वर्गातही फळ्यावर लिहिता येईल. सोळा पायाच्या संख्यापद्धतीत ‘चालू कर’ हा हुकूम असा :

२०  ०१  २१

पहिले दोन आकडे म्हणजे हुकूम आणि तिसरा म्हणजे त्या दोहोंची बेरीज. वाटेत एखादा बिट बिघडला तर बेरीज जुळणार नाही आणि यंत्र तो हुकूम नाकारील. ‘थांब’ हा हुकूम २० ०० आणि त्याची बेरीज २०. प्रत्येक आकड्यामागे सुरुवातीचा, तपासणीचा आणि शेवटचा बिट धरून ११ बिट होतात. तीन आकड्यांचे ३३. सेकंदाला ३८,४०० बिट या वेगाने हा हुकूम ०.९ मिलिसेकंदाच्या आतच पोहोचतो. त्यावर यंत्राने ९ मिलिसेकंदांच्या आत ‘समजले’ किंवा ‘समजले नाही’ असे उत्तर द्यायचे. एक चित्र ४० मिलिसेकंदांचे, म्हणजे एका चित्राच्या अवधीत हुकूम आणि उत्तर दोन्ही आटोपतात.

मिक्सरच्या बाबतीतही थोडेफार असेच झाले. कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली या गावाचे नाव घेतलेल्या कंपनीचा ‘१००’ या क्रमांकाचा छोटा मिक्सर संपादनाच्या खोल्यांतून फार लोकप्रिय होता. संपादनाच्या यंत्रणांना त्याची भाषा येत होती. म्हणून दुसऱ्या कंपन्यांचे मिक्सरही ‘मी ग्रास व्हॅली १०० आहे’ असे सोंग घेऊन तीच भाषा बोलू लागले. गंमत अशी की त्यांच्या अंगी १०० पेक्षा जास्त कला असल्या तरी त्या दाखवता येत नसत. कारण त्या कलांसाठी १०० च्या भाषेत शब्दच नव्हते.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. समितीने ठरवलेली भाषा चांगली असली तरी आपोआप रुजत नाही. आणि एखाद्या प्रबळ उत्पादकाची भाषा सर्वांची झाली, तर सर्वांची झेपही त्या भाषेच्या शब्दांपुरतीच राहते.

वाद्यवाल्यांनी काय केले?

तिसरा मार्ग होता का? होता, आणि तो त्याच सुमारास शेजारच्या क्षेत्रात कोणी तरी चालून दाखवला. इलेक्ट्रॉनिक वाद्ये बनवणाऱ्या कंपन्यांपुढे नेमका हाच प्रश्न होता. एका कंपनीच्या पट्ट्या दाबून दुसऱ्या कंपनीचे वाद्य वाजवता येत नसे. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेच्या सिक्वेन्शियल सर्किट्‌स कंपनीचे डेव्ह स्मिथ हे खरे तर स्पर्धक. त्यांनी पुढाकार घेऊन एक सामाईक भाषा ठरवली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात दोन कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून वाजवली गेली. ही भाषा म्हणजे ‘मिडी’. ती वापरण्यासाठी कोणाला मानधन द्यावे लागत नाही आणि चाळीस वर्षांनंतरही ती वापरात आहे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा वेगवेगळ्या कारागिरांच्या हातचा असतो, पण सूर लावला की दोन तंबोरे एकत्र वाजतात. प्रत्येकाची भोपळ्याची निवड, जवारीची कारागिरी वेगळी. सूर मात्र सामाईक. मिडी करणाऱ्यांनी हेच ओळखले. स्पर्धा वाद्याच्या गुणांत व्हावी, जोडणीच्या तारेत नव्हे.

नेटवर्क आले, भाषा मात्र वेगळ्याच राहिल्या

१९९० च्या दशकात मिक्सर स्टुडिओबाहेर पडला. आपल्याकडे लग्नांच्या चित्रीकरणात पॅनासोनिकचा एमएक्स-५० हा मिक्सर पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या स्मरणात अख्खे चित्र साठत असल्याने कॅमेरे एका घड्याळावर चालवण्याची गरज उरली नव्हती. कोणताही कॅमेरा आणावा आणि जोडावा! चित्राची जुळवणी अशी आणखी सोपी झाली.

पुढच्या काळात मिक्सरला नेटवर्कची जोडणी आली. बटणांची पाटी एका खोलीत, विद्युतमंडलांची पेटी दुसऱ्या खोलीत आणि मध्ये संगणकाची साधी तार. ही तार आणि तिच्यावरून माहितीची पाकिटे पाठवण्याचे नियम सगळ्या जगाने मान्य केलेले आहेत. मग आता तरी प्रश्न सुटायला हवा होता, नाही का?

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे आणि तो विद्यार्थ्यांना समजावून द्यायलाही उपयोगी आहे. नेटवर्क म्हणजे टपालखाते. पाकीट योग्य पत्त्यावर पोहोचवणे हे त्याचे काम. आतले पत्र कोणत्या भाषेत लिहिले आहे याच्याशी पोस्टमनला कर्तव्य नसते. आमच्या सभागृहातली दोन्ही यंत्रे एकाच नेटवर्कवर होती, याचा अर्थ एवढाच की दोघांना एकाच पोस्टमनकडून पत्रे येत होती.

आणि भाषा किती वेगळ्या! ब्लॅकमॅजिक या ऑस्ट्रेलियन कंपनीचे ‘एटेम’ मिक्सर २०११ पासून स्वस्तात मिळू लागले आणि जगभर छोट्या सभागृहांत पोहोचले. त्यांची भाषा आकड्यांची, आटोपशीर पाकिटांची. कंपनी संगणकासाठी तयार कार्यक्रमसंच देते, पण तारेवरून नेमके काय जाते ते तिने प्रसिद्ध केलेले नाही. हौशी मंडळींनी जाणारी-येणारी पाकिटे तपासून ते उलगडले. ऑस्ट्रेलियाच्याच ‘व्हीमिक्स’ या संगणकावरील मिक्सरला साध्या अक्षरांत ‘फंक्शन कट’ अशी ओळ पाठवली की काम होते. कॅनडाच्या रॉस कंपनीचीही अक्षरी भाषा आहे आणि तिचे नावच ‘रॉसटॉक’. ‘ओबीएस’ हा विनामूल्य मिक्सर २०२२ पासून बाहेरून हुकूम घेण्याची सोय सोबतच देतो. त्याची भाषा पुन्हा निराळी. सगळ्यांना सांगायचे आहे एकच : ‘दुसरा कॅमेरा दाखव.’

दुभाष्याचा हिशेब

भाषा अनेक असल्या की दुभाषी लागतात. पण ते किती लागतात हा गणिताचा प्रश्न आहे. समजा, आठ प्रकारचे मिक्सर आहेत आणि हुकूम देणाऱ्या पाट्या सहा प्रकारच्या. प्रत्येक पाटीला प्रत्येक मिक्सरची भाषा शिकवायची तर ८ गुणिले ६, म्हणजे ४८ दुभाषी लागतील. पण मध्ये एक सामाईक भाषा ठेवली, प्रत्येक पाटी त्या भाषेत बोलली आणि प्रत्येक मिक्सरसाठी त्या भाषेवरून एकच भाषांतर केले, तर ८ अधिक ६, म्हणजे १४ पुरतात. गुणाकाराच्या जागी बेरीज येते. मिक्सरच्या जाती जसजशा वाढतील तसतसा हा फरक प्रचंड होत जातो.

आज अनेक ठिकाणी वापरली जाणारी पद्धत हीच. नॉर्वेत सुरू झालेला ‘कम्पॅनियन’ हा विनामूल्य कार्यक्रम असा मधला दुभाषी आहे. त्याच्यासाठी जगभरच्या लोकांनी शेकडो उपकरणांची भाषांतरे लिहून सर्वांना खुली केली आहेत. कोण्या एकाने आपल्या गरजेपोटी लिहिलेले भाषांतर दुसऱ्या खंडातल्या सभागृहाच्या कामी येते.

आमच्या सभागृहातही तेच झाले. संध्याकाळपर्यंत दोन विद्यार्थ्यांनी एका जुन्या लॅपटॉपवर असा दुभाषी बसवला. एक बटण दाबले की दोन पत्रे निघत, प्रत्येक यंत्राला त्याच्या भाषेत. आम्ही खूश झालो आणि नेमके प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या वेळी फसलो. व्याख्याते पुन्हा बोलू लागले, बटण दाबले गेले, बटणावरचा दिवाही लागला. पण लहान दालनातला पडदा काही वेळ प्रयोगाचीच रिकामी बाटली दाखवत राहिला. हुकूम वाटेत हरवला होता. आणि चूक आमचीच होती. यंत्राने केलेल्या कामाची खबर न घेता, हुकूम धाडला की दिवा लागावा अशी रचना आम्ही केली होती.

सोनीच्या नऊ पिनांच्या भाषेत ‘समजले’ असे उत्तर का मागितले जाई, ते त्या संध्याकाळी आम्हांला कळले. हुकूम देणे आणि हुकूम अमलात आल्याची खात्री करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच टॅलीच्या लाल दिव्याला एवढे महत्त्व. तो उलट दिशेने, मिक्सरकडून कॅमेऱ्याकडे, खरी स्थिती सांगतो. विशेष म्हणजे टॅलीच्या बाबतीत टीएसएल या ब्रिटिश कंपनीची अगदी साधी, खुली भाषा बहुतेक सर्व उत्पादकांनी आपलीशी केली आहे. तिच्या एका जुन्या आवृत्तीत निरोप अवघ्या १८ आकड्यांचा असतो. मोठ्या प्रसारणसंस्थांसाठीही उपकरणांची ओळख, जोडणी आणि टॅली यांची खुली मानके गेल्या काही वर्षांत तयार झाली आहेत. ‘कट’ आणि ‘विरघळव’ यांची सर्वमान्य भाषा मात्र अजून झालेली नाही.

दुभाष्याला मर्यादाही असतात. एका मिक्सरमध्ये चित्रावर चित्र ठेवण्याच्या चार सोयी आणि दुसऱ्यात एकच असेल, तर दोघांना लागू पडणारा हुकूम एकाचाच होईल. दोन यंत्रे एकाच क्षणी हुकूम मिळूनही आपापल्या पुढच्या फटीची वाट पाहतात. त्यामुळे दोन्ही पडदे एखाद्या चित्राच्या फरकाने बदलतील. आमच्या कार्यक्रमाला त्याने काही बिघडले नाही, पण थेट प्रसारणात बिघडेल. आणि नेटवर्कवरचा मिक्सर परवलीच्या शब्दाशिवाय उघडा ठेवला, तर त्याच नेटवर्कवरचा कोणीही मध्येच बटण दाबू शकेल. विद्यार्थ्यांनी हे आम्हांला थोड्या उत्साहानेच सिद्ध करून दाखवले!

वर्गासाठी आणि खरेदी समितीसाठी

ही गोष्ट वर्गात करून पाहता येते. तीन गटांना पाच हुकुमांसाठी मनाने शब्द ठरवायला सांगा. एका गटाचे शब्द दुसऱ्याला कळू देऊ नका. दोन मुलांना सूत्रधार करा आणि सर्व गटांना हुकूम द्यायला सांगा. किती शब्दकोश लागले ते मोजा. मग एक दुभाषी नेमून पुन्हा मोजा. शेवटी चिठ्ठ्या पोहोचवणाऱ्या मुलाला मधूनच एक चिठ्ठी गुपचूप खिशात टाकायला सांगा आणि उत्तर मागण्याची गरज मुलांनाच शोधू द्या. संगणक नसला तरी अडत नाही.

शाळा-महाविद्यालयांत यंत्रे एका वेळी, एका कंपनीची, एका रकमेतून येत नाहीत. एका वर्षी देणगी मिळते, तीन वर्षांनी अनुदान मिळते. पूर्वीचे आणि नंतरचे एकत्र चालणे ही आपली नेहमीची गरज आहे. दरपत्रक मागवताना आपण चित्राचा दर्जा विचारतो, हमीची वर्षे विचारतो. त्यात आणखी तीन प्रश्न घालावेत असे आम्हांला वाटते. या यंत्राच्या हुकुमांची यादी प्रसिद्ध केलेली आहे का? यंत्र आपली स्थिती विचारल्यावर सांगते का? आणि त्याला परवलीच्या शब्दाचे कुलूप आहे का? ही यादी दहा पानांची असेल, पण ती हाती नसेल तर पुढच्या प्रत्येक खरेदीत आपल्या वतीने विक्रेता निर्णय घेईल.

१८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा सूत्रधाराच्या इशाऱ्यावर पात्रे येत-जात. सूत्रधार आणि पात्रे यांची भाषा एकच होती, म्हणून खेळ रंगला. आमच्या सभागृहातला जुना मिक्सर अजून मोडीत गेलेला नाही. दुभाष्यात ती उत्तर मागण्याची दुरुस्ती झाली आहे, आणि आता पडदा खरोखर बदलल्याशिवाय बटणाचा दिवा लागत नाही.